गाडीतली मॉड्यूल्स एकमेकांशी बोलेनाशी झाली, तर शोध कुठून सुरू करायचा?

डॅशबोर्डवर एकदम चार-पाच दिवे लागलेत. स्टीअरिंग जड झालंय, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर बसलाय, आणि स्कॅनर लावावा तर इंजिन, गिअरबॉक्स, एअरबॅग, बॉडी अशा सगळ्या मॉड्यूल्समधून (म्हणजे त्या त्या भागाच्या छोट्या संगणकांमधून) ‘यू’ने सुरू होणारे, आपसातल्या संपर्काच्या बिघाडाचे कोड भराभर बाहेर पडतायत. नवख्या माणसाला वाटतं, गाडीचं सगळंच गेलं. पण अशा वेळी बिघाड बहुतेकदा एकाच जागी असतो, आणि तो फ्यूज, अर्थिंग, कनेक्टर नाहीतर वायर असल्या साध्या ठिकाणी सापडतो. तरी पुष्कळदा आधी नवं मॉड्यूल मागवलं जातं आणि वायरिंग मागाहून तपासलं जातं. खाली दिलेला क्रम नेमका उलटा आहे. तो पाळलात तर मॉड्यूल बदलायची वेळ फार कमी येईल.

थोडं आतलं

इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग, मीटर, दरवाजे या प्रत्येकाचा आता वेगळा ईसीयू, म्हणजेच मॉड्यूल, असतो, आणि त्यांना एकमेकांची माहिती सतत लागते. चाकाचा वेग एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मोजतं, पण तो मीटरला हवा असतो, गिअरबॉक्सला हवा असतो, स्टीअरिंगलाही हवा असतो. यासाठी बॉश कंपनीने कॅन नावाची पद्धत काढली आणि १९८६ साली ती जाहीर केली. पीळ घातलेल्या दोन वायर, आणि सगळी मॉड्यूल्स त्याच दोन वायरवर जोडलेली.

यातल्या एका वायरला कॅन-हाय म्हणतात, दुसरीला कॅन-लो. कोणी बोलत नसताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना हाय ३.५ पर्यंत वर जाते आणि लो १.५ पर्यंत खाली येते. मॉड्यूल वाचतं तो या दोघींमधला फरक. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट दोन्ही वायरवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक बदलत नाही. वायरना पीळ असतो तो याचसाठी. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, बहुधा एखाद्या मॉड्यूलच्या पोटातच. तो नसला तर सिग्नल टोकावर आपटून मागे फिरतो आणि पुढच्या संदेशात घाण करतो.

इंजिन-ब्रेकच्या कॅनचा नेहमीचा वेग सेकंदाला ५०० किलोबिट, म्हणजे एक बिट फक्त २ मायक्रोसेकंदांचा. साधा मल्टिमीटर हे पकडू शकत नाही, त्याला सरासरी तेवढी दिसते. पण त्या सरासरीवरूनही बरंच काही कळतं, ते पुढे येईलच.

हत्यारं आणि दोन सूचना

चांगला डिजिटल मल्टिमीटर, सगळी मॉड्यूल्स वाचू शकणारा स्कॅनर, २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, कनेक्टरमध्ये मागून घालायच्या बारीक पिना, आणि त्या गाडीचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर काम सुरूच करू नका. कोणत्या पिनवर काय आहे हे अंदाजाने ठरवून चाचपडत बसलात, तर असलेल्या बिघाडात आपला एक बिघाड वाढतो. ईएलएम ३२७ जातीचे छोटे ब्लूटूथ अडॅप्टर साध्या अ‍ॅपसोबत इंजिनचे कोड वाचून देतात, पण एबीएस, एअरबॅग, बॉडी यांच्यापर्यंत त्यांची पोच बहुधा नसते. अशा अडॅप्टरला ‘फक्त इंजिनच बोलतंय’ असं दिसलं म्हणून बाकीची मॉड्यूल्स मेली असं समजू नका.

सूचना पहिली: एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टिमीटरचा ओहम किंवा टेस्ट लॅम्प कधीच लावायचा नाही. एअरबॅग मॉड्यूल काढायचंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून कंपनीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबा. दुसरी: हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमधल्या नारिंगी केबल जास्त व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी १ : बॅटरी

हे वाचून कंटाळा येईल, पण आधी बॅटरी. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर काही मॉड्यूल्स क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतात, आणि तेवढ्यात बाकीची त्यांच्या नावाने कोड टाकून मोकळी होतात. बॅटरी बदलल्यावर किंवा जंप-स्टार्ट केल्यावर स्कॅनरमध्ये जुने ‘यू’ कोड पडलेले दिसतात, ते बऱ्याचदा यातूनच आलेले असतात.

म्हणून सगळे कोड लिहून घ्या, बॅटरी चार्जर जोडा, कोड पुसा, गाडी थोडी चालवा, पुन्हा वाचा. परत आलेत तेवढ्यांवरच वेळ घालवायचा.

पायरी २ : कोण कोणाची तक्रार करतंय ते लिहा

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे. यू०१२१ म्हणजे ‘एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला’. हा कोड इंजिनच्या ईसीयूमध्ये सापडला म्हणून इंजिनचा ईसीयू खराब ठरत नाही. त्याने फक्त एवढंच नोंदवलंय की एबीएसकडून येणारा संदेश वेळेत आला नाही. वर्गातली हजेरी आठवा: गैरहजर मुलगा ‘मी आलो नाही’ असं सांगत नाही, ते बाकीचे सांगतात.

‘यू०’ हे सगळ्या कंपन्यांचे सामाईक कोड, ‘यू१’ कंपनीचे स्वतःचे. सामाईक कोडांपैकी नेहमी भेटणारे पाठ करून टाका: यू०१०० इंजिन, यू०१०१ गिअरबॉक्स, यू०१२१ एबीएस, यू०१४० बॉडी कंट्रोल, यू०१५१ एअरबॅग, यू०१५५ मीटर. यू००७३ आणि यू०००१ वेगळ्या घरातले. ते एखाद्या मॉड्यूलबद्दल बोलत नाहीत, अख्ख्या जोडीबद्दल बोलतात. यू०४०१, यू०४१५ असे ‘यू०४’वाले कोड दिसले तर समोरचं मॉड्यूल बोलतंय, पण पाठवलेली माहिती बरोबर नाही, असं समजायचं. उदाहरणार्थ, चाकाचा सेन्सर खराब झाला की एबीएस ‘हा वेग खरा धरू नका’ असं कळवतं आणि दुसऱ्या मॉड्यूलमध्ये यू०४१५ उमटतो. तिथे वायरिंगच्या मागे लागण्यात अर्थ नाही, एबीएसमधला मूळ कोड शोधा.

आता कागदावर दोन रकाने काढा. डावीकडे तक्रार करणारा, उजवीकडे ज्याची तक्रार आहे तो. इंजिन म्हणतंय एबीएस नाही, मीटर म्हणतंय एबीएस नाही, स्टीअरिंग म्हणतंय एबीएस नाही. उजव्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय, तर तेच मॉड्यूल मुकं आहे. मग स्कॅनरवरून थेट एबीएस उघडून बघा. उघडलं नाही तर खात्री झाली. उघडलं, तर बिघाड येतो-जातो प्रकारचा असू शकतो. कोड आत्ताचा आहे की जुना, तेही पाहा.

उजव्या रकान्यात तीन-चार नावं असतील तर डायग्राममध्ये त्यांच्यात समान काय आहे ते शोधा. एकच फ्यूज? एकच अर्थ पॉइंट? वायरिंगमधला एकच जोड? बहुतेकदा यांपैकी काहीतरी निघतंच.

आणि सगळीच नावं असतील, किंवा स्कॅनर कोणाशीच बोलत नसेल, तर पायरी ५ वर जा. त्याआधी एक साधी गोष्ट: स्कॅनरचा स्वतःचा दिवा लागतोय का? ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतो त्या सॉकेटच्या) १६ नंबर पिनवर बॅटरीचा करंट हवा, ४ आणि ५ वर अर्थ हवी. पुष्कळ गाड्यांत या १६ नंबरचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटसोबत असतो. मोबाइल चार्जरने तो उडवलेला असतो आणि गाडीचं नेटवर्क मेलं म्हणून शोध चाललेला असतो!

पायरी ३ : मुक्या मॉड्यूलला जेवण मिळतंय का

वायरमधून बोलायच्या आधी मॉड्यूलला करंट आणि अर्थ मिळायला हवी. इथे बहुतेक जण मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की ‘करंट येतोय’ म्हणून पुढे जातात, आणि तिथेच फसतात.

डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे तो वायरमधून जवळजवळ काहीच ओढत नाही. वायर आतून कुजून तिचा एकच धागा उरला असला तरी मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मॉड्यूल चालू झालं, त्याने अ‍ॅम्पिअर-दोन अ‍ॅम्पिअर मागितले, की तेच व्होल्टेज कोसळतं.

म्हणून बल्ब. समजा एबीएस मुकं आहे. इग्निशन बंद करून एबीएसचा कनेक्टर काढा. डायग्राममध्ये बघा: बहुतेक एबीएसला दोन जाड करंटच्या वायर असतात (एक पंपाच्या मोटरसाठी, एक व्हॉल्व्हसाठी), एक इग्निशनची बारीक वायर, आणि अर्थच्या वायर. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अ‍ॅम्पिअर घेतो. त्याचं एक टोक कनेक्टरमधल्या करंटच्या पिनवर, दुसरं त्याच कनेक्टरमधल्या अर्थच्या पिनवर. बल्ब बॅटरीवर लावल्यासारखा लख्ख पेटला पाहिजे. मंद पेटला, तर करंट आणि अर्थ यांपैकी एक बाजू अशक्त आहे. एक टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेऊन बघा: आता लख्ख झाला, तर दोष अर्थमध्ये. इग्निशनच्या वायरसाठी अर्थात इग्निशन चालू लागेल. ती वायर कधी कधी फक्त सूचना देण्यापुरती असते, फार करंट द्यायला नसते, तर तिथे छोटा बल्ब वापरा. आणि हा बल्ब कॅनच्या वायरवर चुकूनही लावायचा नाही.

कनेक्टर लावलेला असताना अर्थ तपासायची दुसरी रीत म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल प्रोब मॉड्यूलच्या अर्थ पिनवर मागून. इग्निशन चालू, हेडलाइट-ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टपेक्षा कमी आलं तर अर्थ ठीक. अर्धा-एक व्होल्ट आला तर अर्थ पॉइंटचा बोल्ट काढा. बॉडीला लागणाऱ्या रिंगखाली गंज किंवा रंग सापडेल.

कनेक्टर हातात आहे तोवर त्याच्याकडे नीट बघा. हिरवट-पांढरी पूड म्हणजे पाणी शिरलंय. तसं असेल तर पाणी कुठून आलं तेही शोधायला हवं: काचेखालच्या पाणी जायच्या वाटा तुंबल्यात का, दरवाजाचं रबर फाटलंय का, पायाखालची मॅट ओली आहे का. पिना मागे सरकल्यात का, मादी पिन सैल झालीये का. सैलपणा बघायला नेमक्या मापाची नर पिन घालून ओढून बघायची. थोडी धरून ठेवली पाहिजे. मल्टिमीटरचा जाड प्रोब पुढून खुपसायचा नाही. त्याने चांगली पिन फाकते आणि आठवड्याभराने गाडी नव्या तक्रारीसह परत येते.

पायरी ४ : त्याच्यापर्यंत जाणाऱ्या दोन वायर

करंट आणि अर्थ ठीक, तरी मॉड्यूल मुकं. आता कॅनची जोडी. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि थोडं थांबा, कारण चालू नेटवर्कवर ओहमचं वाचन खोटं येतं. काढलेल्या कनेक्टरमध्ये वायरच्या बाजूने, कॅन-हाय आणि कॅन-लोच्या पिनांमध्ये ओहम मोजा.

• ६० च्या आसपास: दोन्ही वायर मुख्य जोडीपर्यंत सलग आहेत आणि दोन्ही टोकांचे रेझिस्टर दिसतायत.
• १२० च्या आसपास: तुम्ही काढलेल्या मॉड्यूलमध्येच एक टोकाचा रेझिस्टर होता, तर हे वाचन बरोबर आहे. नसेल, तर दुसरीकडे कुठेतरी एक टोक तुटलंय.
• अनंत: या फांदीतली, म्हणजे मुख्य जोडीतून या मॉड्यूलकडे फुटणाऱ्या तुकड्यातली, एक वायर तरी तुटलेली.
• शून्याच्या जवळ: दोन वायर एकमेकींना चिकटल्यात.

इथे एक बारकावा आहे. ओबीडी सॉकेटवर ६० आले म्हणून प्रत्येक फांदी ठीक असं होत नाही. एबीएसची फांदी तुटली तरी दोन टोकांचे रेझिस्टर जागेवरच असतात आणि सॉकेटवर ६० च दिसतात. म्हणून मोजायचं ते मुक्या मॉड्यूलच्या कनेक्टरवर.

वाचन ठीक आलं, करंट ठीक, अर्थ ठीक, पिना घट्ट, आणि तरीही मॉड्यूल गप्प, तर आता मॉड्यूलवर संशय घ्यायला हरकत नाही. त्यातही नवं मॉड्यूल बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत कोडिंग किंवा प्रोग्रॅमिंग लागतं. ते न करता ‘नवंही चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

पायरी ५ : सगळंच नेटवर्क झोपलंय

आता ओबीडी सॉकेट. ६ नंबर कॅन-हाय, १४ नंबर कॅन-लो. बॅटरी काढलेली, दोन्हींमध्ये ओहम मोजा. ६० हवेत. १२० म्हणजे एक टोक गळालंय; छोट्या नेटवर्कवर गाडी अशाने चालूही राहते, फक्त अधूनमधून विचित्र वागते. ४० म्हणजे कोणीतरी तिसरा रेझिस्टर आणलाय, चुकीच्या प्रकारचं मॉड्यूल बसवलं की हे होतं. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट.

मग बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून, दोन्ही पिनांवर अर्थच्या तुलनेत डीसी व्होल्ट बघा. निरोगी नेटवर्कवर हाय २.५ च्या जरा वर, लो तितकीच खाली, आणि दोघींची बेरीज ५ च्या आसपास. दोन्ही अगदी सारख्या २.५ दाखवत असतील तर कोणी बोलत नाहीये किंवा वायर एकमेकींना चिकटल्यात. एखादी शून्यावर असेल तर ती अर्थला लागलीये, १२ वर असेल तर करंटला.

शॉर्ट आहे हे कळलं की जागा शोधायची. सॉकेटवर मीटर लावून ठेवा आणि मॉड्यूल्सचे कनेक्टर एकेक करून काढत जा. वाचन सुधारलं की नुकतंच काढलेलं मॉड्यूल किंवा त्याची फांदी दोषी. टोकाचं मॉड्यूल काढलं की ६० चे १२० होणारच, त्याला बिघाड समजू नका. वायरिंगमध्ये मोठा जोड-कनेक्टर असेल तर आधी तो उघडा. अर्धं नेटवर्क एका फटक्यात वेगळं होतं आणि वेळ वाचतो. काही गाड्यांत मात्र वायर एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात अशी साखळीने जाते. तिथे मधलं काढलं की पुढचे सगळे सुटतात. पुन्हा तेच, डायग्राम.

मॉड्यूल्सच्या आधी मात्र बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे बघा: अलार्म, जीपीएस ट्रॅकर, स्टीरिओ, रिव्हर्स कॅमेरा. यांची वायर कॅनवर चिमट्याने दाबून जोडलेली असते आणि कालांतराने तिथेच गंजते. माझ्या मते गाडीत अशी एकही वस्तू असली तर पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. दुसरा संशय उंदरांवर. आणि तिसरा बिजागऱ्यांपाशी, जिथे दरवाजा किंवा डिकी उघडता-मिटता वायर वर्षानुवर्षं वाकते.

जिथे वरचे आकडे लागू होत नाहीत

नव्या गाड्यांमध्ये ओबीडी सॉकेट आणि आतली नेटवर्कं यांच्यामध्ये गेटवे मॉड्यूल असतं. मग ६ आणि १४ वर तुम्हाला फक्त सॉकेट ते गेटवे एवढाच तुकडा दिसतो. आतली मापं गेटवेच्या कनेक्टरवर घ्यावी लागतात. काही गेटवे कोड वाचू देतात पण परवानगीशिवाय पुसू देत नाहीत, तो बिघाड नव्हे.

दरवाजे-सीट यांच्यासाठी कमी वेगाचं, १२५ किलोबिटपर्यंतचं कॅन काही गाड्यांत असतं. ते एका वायरवरही तग धरतं आणि त्याला ६० ओहमचा नियम लागत नाही. लिन ही तर एकाच वायरची पद्धत, २० किलोबिटपर्यंतची. शांत असताना तिच्यावर बॅटरीएवढं व्होल्टेज असतं. तिच्यावरच्या वस्तूंशी स्कॅनर थेट बोलत नाही, त्यांची तक्रार त्यांचा मालक असलेलं मॉड्यूल करतं.

जोड देताना

वायर तुटलेली सापडली तर दोन्ही वायरचे जोड शेजारी-शेजारी न देता थोडे मागेपुढे द्या. नीट क्रिम्प किंवा सोल्डर करा, वर गोंदवाली हीट-श्रिंक चढवा, आणि पीळ परत घाला. उघडी, सरळ वायर जितकी कमी तितकं बरं. लांबच्या लांब साधी वायर बाजूने ओढून ‘बायपास’ करू नका. आज चालेल, पण गोंगाट वाढला की कोड परत येतील.

काम झाल्यावर

सगळे कोड पुसा, इग्निशन काही वेळा बंद-चालू करा, खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारा आणि सगळी मॉड्यूल्स पुन्हा वाचा. बिघाड येत-जात असेल तर इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हाताने हलवत स्कॅनरवर नजर ठेवा. शेवटी गाडी बंद करून, कुलूप लावून, मॉड्यूल्स झोपायला अर्धा-पाऊण तास द्या आणि बॅटरीतून जाणारा करंट मोजा. ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या खाली आला तर ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर कोणीतरी नेटवर्क जागं ठेवतंय. काही दिवसांनी बॅटरी उतरेल आणि ‘यू’ कोडांची रांग पुन्हा लागेल, तेव्हा गाडी परत देण्याआधी फ्यूज एकेक काढून तो जागा राहणारा शोधा.